तिरक्या रेषेचा जमाखर्च

कागदावर दोन ठिपके द्यावेत आणि ते सरळ रेषेने जोडावेत, हे काम शाळकरी मुलालाही फूटपट्टी हाती आली की जमते. पट्टी दोन्ही ठिपक्यांना टेकवायची, पेन्सिल तिच्या कडेने ओढायची. रेष सरळ येते की नाही याची काळजी पट्टीने वाहायची. १९६०च्या सुमारास हेच काम संगणकाकडून करवून घेण्याची वेळ आली, तेव्हा मात्र तेथे पट्टी नव्हती, हात नव्हता, आणि ज्याने रेष काढायची त्याला डोळेही नव्हते. होते ते फक्त एक पेन आणि त्या पेनाला कळणारी आठ दिशांची आठ पावले. एवढ्या सामग्रीतून कोणत्याही कोनातली रेष कशी काढायची, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. त्याचे जे उत्तर १९६२ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे सापडले, ते पुढे संगणकीय आरेखनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. ते उत्तर समजून घ्यायचे तर आधी ते पेन आणि त्याला चालवणारा संगणक, या दोघांची कुवत पाहायला हवी.

त्या काळच्या संगणकाला चित्र काढता येत नसे असे नाही. पण ते चित्र म्हणजे छापील अक्षरांची रांगोळी असे. आयबीएम कंपनीचे १४०३ हे छपाईयंत्र मिनिटाला सहाशे ओळी छापत असे आणि एका ओळीत १३२ अक्षरे बसत. त्याच्याकडून आलेख हवा असेल तर प्रत्येक ओळीत योग्य जागी एक फुली किंवा चांदणी छापायची, बाकी जागा मोकळी सोडायची. आलेखाचा चढउतार त्यातून कळे, पण त्यावर पट्टी ठेवून मोजमाप घ्यावे अशी त्याची लायकी नसे. रस्त्याचा आडवा छेद, डोंगराळ मुलखाच्या समोच्च रेषा, तुळईवर येणाऱ्या ताणाचा आलेख, अशा कामांत फुल्यांच्या माळेचा काय उपयोग? मग अभियंता संगणकाने दिलेले आकड्यांचे भेंडोळे उचलून आरेखकाच्या पुढ्यात ठेवी. ज्या गणिताला यंत्राने काही मिनिटे घेतली, त्याचे चित्र व्हायला माणसाला दिवसच्या दिवस लागत.

ही कोंडी फोडणाऱ्या यंत्रांत कॅलिफोर्निया कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स, म्हणजेच ‘कॅलकॉम्प’, या कंपनीचा ५६५ क्रमांकाचा प्लॉटर अग्रणी होता. तो १९५९ साली बाजारात आला. टेबलावर मावेल एवढा त्याचा आकार. आडवा ठेवलेला एक रूळ, त्यावर गुंडाळून पुढेमागे सरकणारा कागद, आणि रुळाच्या वर, त्याच्या लांबीला समांतर असलेल्या दांडीवर डावी-उजवीकडे धावणारी पेनाची गाडी. एवढाच त्याचा संसार. कागदाच्या दोन्ही कडांना भोकांची रांग असे आणि रुळाच्या टोकांवरचे दाते त्या भोकांत अडकत, त्यामुळे कागद घसरत नसे. ज्यांनी डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्रे पाहिली आहेत त्यांना हा कागद डोळ्यांपुढे आणायला अडचण पडू नये. रुळाला एक मोटर, गाडीला दुसरी, आणि पेन उचलायला-टेकवायला एक विद्युतचुंबक.

या यंत्राची सारी गंमत त्या मोटरींत होती. पंख्याच्या मोटरीसारख्या त्या अखंड फिरत नसत. विजेचा एक ठोका मिळाला की एक ठरावीक अंश फिरायचे आणि थांबायचे. पुढचा ठोका येईपर्यंत जागचे हलायचे नाही. एका ठोक्याने कागद किंवा पेन बरोबर इंचाचा शंभरावा भाग सरके, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. पेन एका जागी ठेवून कागद मागेपुढे केला की उभी रेष उमटे. कागद स्थिर ठेवून गाडी चालवली की आडवी. दोन्ही मोटरींना एकाच क्षणी ठोका दिला की पेन कोपऱ्याकडे, म्हणजे नेमक्या ४५ अंशांत, तिरके सरके. उभ्या दोन, आडव्या दोन आणि तिरक्या चार, अशा आठ दिशा झाल्या. त्यात पेन टेकव आणि पेन उचल या दोन आज्ञा मिळवल्या की या यंत्राची संपूर्ण भाषा संपली. दहा शब्दांची भाषा! ‘अमुक ठिकाणी जा’ असे म्हणायला तीत शब्दच नाही. ‘रेष’ हा शब्द नाही, ‘वर्तुळ’ नाही, ‘अ’ नाही.

त्याहून मोठी उणीव अशी की पेन या क्षणी कोठे आहे हे यंत्राला ठाऊक नसे, आणि संगणकाला ते विचारून घेण्याची सोयही नव्हती. काम सुरू करण्यापूर्वी चालक पेन हाताने सुरुवातीच्या जागी आणून ठेवी. तेथून पुढे संगणक डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाप्रमाणे केवळ पावले मोजत जाई. हजार पावले उजवीकडे पाठवली, म्हणजे पेन दहा इंच उजवीकडे असले पाहिजे, असा त्याचा विश्वास. कागद कोठे अडकला, एखादा ठोका वाया गेला, तर त्यानंतरचे सगळे चित्र तेवढ्याने सरकलेले निघे आणि ते संगणकाच्या गावीही नसे. म्हणून प्रत्येक पाऊल कोणत्या दिशेचे, याचा निर्णय अचूक असणे ही नुसती सुबकपणाची बाब नव्हती. गणितात राहिलेली बारीक चूक कागदावर साचत जाई आणि ती दुरुस्त करणारे पुढे कोणी नसे.

आता वेग पाहू. सेकंदाला तीनशे पावले ही या प्लॉटरची कमाल गती. म्हणजे अकरा इंची कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रेष ही अकराशे पावलांची. तिला साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागणार. एका पावलाला मिळणारा अवधी सेकंदाच्या तीनशेव्या भागाएवढा. आजच्या हिशेबाने ही युगेच झाली. त्या वेळच्या संगणकाला मात्र एवढ्या अवधीत फार विचार करण्याची उसंत नव्हती.

तो संगणक म्हणजे आयबीएम १४०१. ऑक्टोबर १९५९मध्ये जाहीर झालेले हे यंत्र प्रामुख्याने व्यापारी हिशेबांसाठी घडवलेले होते. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, मालसाठ्याच्या नोंदी ही त्याची नित्याची कामे. महिना अडीच हजार डॉलरपासून पुढे त्याचे भाडे सुरू होई, आणि त्या जमान्यात हे स्वस्त मानले जाई. दहा हजारांहून अधिक १४०१ बनले. आपल्याकडेही हे यंत्र अनोळखी नव्हते. परदेशात वापरून झालेले १४०१ मुंबईतील कारखान्यात नीटनेटके करून भारतीय कंपन्यांना भाड्याने देण्याचा आयबीएमचा व्यवसाय होता, आणि १९७८ साली कंपनीने भारतातून काढता पाय घेतला तेव्हा तिच्यावरच्या टीकेत या जुन्या यंत्रांचा मुद्दा होताच. असो.

या १४०१ची स्मृती सर्वांत लहान रूपात १,४०० अक्षरांची आणि सर्वांत मोठ्या रूपात १६,००० अक्षरांची असे. हा लेखसुद्धा त्या मोठ्या स्मृतीत जेमतेम बसेल किंवा बसणारही नाही. आकडे ठेवण्याची त्याची पद्धत आपल्यासारखी दशमान होती, एका जागी एक अंक. बेरीज-वजाबाकी त्याला येत असे. गुणाकार-भागाकाराची सोय मात्र जादा पैसे मोजून बसवून घ्यावी लागे. ज्यांनी ती घेतली नसेल त्यांनी बेरजांवर बेरजा करून गुणाकार साधायचा. स्मृतीतून एक अक्षर वाचायला या यंत्राला ११.५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या साडेअकरा पट, वेळ लागे. प्लॉटर पूर्ण वेगाने चालवायचा तर एका पावलाच्या अवधीत अशी जवळपास २९० चक्रे होतात. चार अंकी संख्यांच्या एका साध्या बेरजेत त्यांतली पंधरा-वीस खर्ची पडतात. बेरजांनी जुळवलेला एक गुणाकार करायला जावे तर पावलाची सगळी मुदत त्यातच संपून जाण्याची वेळ. वही लिहिणाऱ्या कारकुनाकडे कुंचला सोपवावा, तशी ही स्थिती होती.

सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत एका १४०१ला कॅलकॉम्पचा प्लॉटर जोडण्यात आला होता, तोही काहीसा आडवाटेने. चालकाला संगणकाशी देवघेव करता यावी म्हणून १४०७ नावाचे एक टंकलेखन यंत्र १४०१ला जोडता येत असे. त्याच वाटेने प्लॉटर आत घेण्यात आला. ज्या वाटेने एकेक अक्षर बाहेर पडायचे, तिने आता एकेक पाऊल बाहेर पडू लागले. या जोडणीसाठी आज्ञावली लिहिण्याचे काम जॅक ब्रेझनहॅम या पंचविशीतल्या तरुणाकडे आले.

सर्वांत आधी सुचणारा मार्ग कोणता? समजा, पेनाला सात पावले उजवीकडे आणि दोन पावले वर असलेल्या बिंदूपर्यंत सरळ जायचे आहे. दर पावलाला रेष किती चढते, तर दोन भागिले सात, म्हणजे ०.२८५७१४... ही संख्या दर पावलाला मिळवत जायची आणि येणारी उंची जवळच्या पूर्णांकाला टेकवायची. गणित बिनचूक आहे, पण त्यात दोन काटे आहेत. पहिला, भागाकार आणि अपूर्णांक, म्हणजे जे या संगणकाला महागात पडते नेमके तेच. दुसरा अधिक घातक. हा अपूर्णांक संपतच नाही, म्हणून तो कोठेतरी तोडावा लागतो. तीन अंकांवर तोडला आणि रेष सात हजार पावलांची, म्हणजे सत्तर इंचांची असली, तर दोन हजार पावले वर पोचण्याऐवजी पेन १,९९५ पावलांवरच थांबेल. पाच पावले कमी, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त. जमिनीच्या नकाशात हद्द जेथून सुरू झाली तेथे येऊन मिळायला हवी. ती सव्वा मिलिमीटर अलीकडेच संपली तर नकाशा काढणाऱ्याने काय समजायचे? या प्लॉटरला कागदाचे १२० फुटांचे भेंडोळे लागत असे, म्हणजे लांबीत १,४४,००० पावले. अंक वाढवत नेले तर चूक कमी होते, पण दर पावलाची बेरीज लांबते.

ब्रेझनहॅमने अपूर्णांकालाच रजा दिली. त्याने प्रश्न उलटा करून पाहिला. आपले उदाहरण घेतले तर, रेष नेमकी किती उंचीवर आहे हे पेनाला कळण्याची गरजच नाही. दर पावलाला त्याच्यापुढे फक्त दोन पर्याय आहेत: सरळ उजवीकडे जायचे, की तिरके, म्हणजे उजवीकडे आणि वर. खरी रेष या दोन बिंदूंपैकी कोणाच्या अधिक जवळून जाते एवढेच ठरवायचे आहे. आणि ‘कोण जवळ’ हे ठरवायला अंतर किती ते कळावे लागत नाही, झुकते माप कोणाकडे आहे एवढे कळले की पुरते. ते तर फक्त अधिक-उण्याच्या चिन्हावरून कळेल.

हिशेबाच्या वहीचे उदाहरण घेतले की हे सोपे होते, आणि १४०१ला तर वहीचीच भाषा यायची. एका पावलात रेष दोन सप्तमांश चढते आणि निम्म्याहून वर चढली की पेनानेही वर जायला हवे. दोन सप्तमांश आणि एक द्वितीयांश या दोघांनाही चौदाने गुणले, की अपूर्णांक नाहीसे होतात: दर पावलाला ४ जमा, ७ हा उंबरठा, आणि वरचे एक अख्खे पाऊल म्हणजे १४चा खर्च. आता वही उघडायची. पहिल्या पावलानंतर ४ जमा होणार, उंबरठा ७चा, म्हणून सुरुवातीची शिल्लक उणे ३. नियम दोनच. शिल्लक उणे असेल तर पेन सरळ न्यायचे आणि खात्यात ४ मिळवायचे. शिल्लक उणे नसेल तर पेन तिरके न्यायचे आणि खात्यातून १० वजा करायचे, कारण ४ जमा झाले आणि १४ खर्च झाले.

चालवून पाहा. शिल्लक उणे ३, म्हणून पहिले पाऊल सरळ. शिल्लक १ झाली. आता ती उणे नाही, म्हणून दुसरे पाऊल तिरके. शिल्लक उणे ९. तिसरे सरळ, उणे ५. चौथे सरळ, उणे १. पाचवे सरळ, अधिक ३. सहावे तिरके, उणे ७. सातवे सरळ, आणि शिल्लक पुन्हा उणे ३. सात पावले पुढे झाली, त्यांत दोन तिरकी पडली, पेन नेमके जेथे पोचायला हवे तेथे पोचले आणि वही जेथून उघडली त्याच आकड्यावर मिटली. शेवटी आलेली ही उणे ३ शिल्लक या रीतीतली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे, असे मला वाटते. काहीही तोडले नाही, काहीही साचले नाही. रेष सत्तर इंचांची असो वा शंभर फुटांची, पेन खऱ्या रेषेपासून अर्ध्या पावलाहून अधिक दूर कधी जात नाही, आणि शेवटच्या बिंदूवर चूक शून्य.

यात गुणाकार कोठे आहे? सुरुवातीला दोन संख्यांची दुप्पट करावी लागते, पण दुप्पट म्हणजे संख्या स्वतःतच मिळवणे. त्यानंतर दर पावलाला एक चिन्ह पाहायचे आणि एक बेरीज किंवा वजाबाकी करायची. ज्या यंत्राला बेरीज-वजाबाकीपलीकडे फारसे येत नाही, त्याच्याकडून तेवढेच मागितले. मोठे यंत्र हाताशी असते तर ही युक्ती सुचली असती का, अशी शंका येते; भागाकार करता येणाऱ्याने भागाकार करून मोकळे व्हायचे, ही मनुष्यस्वभावाची रीतच आहे.

रेष अर्थातच नेहमी उजवीकडे आणि मंद चढणीचीच असेल असे नाही. कागदाचे वर्तुळ आठ समान फाकांत कापले, तर प्रत्येक फाकेतल्या रेषेसाठी प्लॉटरच्या आठ पावलांपैकी फक्त दोनच कामाची ठरतात, एक सरळ आणि एक तिरके. चढण ४५ अंशांहून अधिक असेल तर आडव्या-उभ्याची भूमिका बदलायची; उतार असेल तर ‘वर’च्या जागी ‘खाली’. रेष कोणत्या फाकेत पडते हे दोन वजाबाक्या, त्यांची चिन्हे आणि एका तुलनेतून कळते. ते प्रत्येक रेषेला एकदाच ठरवायचे, दोन पावलांची जोडी निवडायची आणि मग तीच वही चालू करायची.

१९६२च्या उन्हाळ्यात ही आज्ञावली सॅन होजेत रोजच्या कामाला लागली. तिचे जगापुढे येणे मात्र तितके सरळ झाले नाही. १९६३ साली डेन्व्हर येथे भरलेल्या संगणकतज्ज्ञांच्या राष्ट्रीय अधिवेशनात ब्रेझनहॅमने ती मांडली, पण त्या वर्षी अधिवेशनाचे निबंध छापलेच गेले नाहीत. अखेर जानेवारी १९६५मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये तिला जागा मिळाली, अवघी सहा पाने. त्या निबंधाच्या शीर्षकात ‘चित्र’ किंवा ‘पडदा’ यांचा मागमूस नाही. तेथे साधेपणाने म्हटले आहे की ही अंकीय प्लॉटर संगणकाने चालवण्याची रीत आहे. पडद्यांचा विचार करायला तेव्हा कोणाला फारसे कारणही नव्हते.

पावलांचा हा हिशेब सर्वांत खालच्या पायरीवरचा. चित्र काढू पाहणाऱ्या अभियंत्याने त्यात लक्ष घालावे अशी अपेक्षा नव्हती. त्याच्यासाठी कॅलकॉम्पने फोरट्रान भाषेतून हाक मारता येतील अशा तयार उपआज्ञावल्या दिल्या होत्या. त्यांतली पायाभूत ‘प्लॉट’ नावाची. तिला तीन संख्या द्यायच्या: आडवे अंतर, उभे अंतर, आणि पेनाविषयीची सूचना. तिसरी संख्या २ असेल तर पेन टेकवून जायचे, ३ असेल तर उचलून. आणि ती उणे असेल तर जेथे पोचाल तो बिंदू नवा आरंभबिंदू मानायचा. या २ आणि ३ची सवय त्या पिढीच्या हाताला अशी बसली की पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या प्लॉटरांसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही तेच आकडे राहिले. ‘सिंबल’ नावाची उपआज्ञावली अक्षरे काढी. प्रत्येक अक्षर म्हणजे काही छोट्या रेषांचा जुडगा; त्यांची यादी स्मृतीत तयार असे आणि अक्षर हवे त्या आकारात, हव्या त्या कोनात काढता येई. ‘ॲक्सिस’ आलेखाचा अक्ष आखून त्यावर आकडे घाली. या सगळ्या हाकांच्या तळाशी शेवटी उरत ती आठ पावले आणि पेनाची चढउतार.

पेनाची ही चढउतार दिसायला क्षुल्लक, पण वेळेच्या हिशेबात महाग होती. पेन उचलायला किंवा टेकवायला सेकंदाचा दहावा भाग लागे, म्हणजे तेवढ्यात तीस पावले झाली असती. शंभर तुटक रेषांचे चित्र काढताना दोनशे वेळा पेन हलणार, म्हणजे वीस सेकंद नुसत्या चढउतारात गेले. म्हणून जाणते प्रोग्रॅमर रेषांचा क्रम असा लावत की एक रेष संपते तेथेच दुसरी सुरू व्हावी, आणि कागदाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पेनाचे रिकामे हेलपाटे होऊ नयेत. रंग बदलायचा तर आज्ञावली थांबे आणि चालक उठून पेन बदली. शाई मध्येच सुकली तर त्याची खबर संगणकाला नसे. तो कोऱ्या कागदावर इमानेइतबारे पावले टाकीत राही.

महागड्या संगणकाने अशा सावकाश यंत्राची वाट पाहत बसावे हे कोणाला परवडणार? या अडचणीतून दोन वाटा निघाल्या. मोठ्या यंत्रांनी पावलांच्या आज्ञा चुंबकीय फितीवर लिहून मोकळे व्हायचे, आणि फीत वाचणाऱ्या स्वतंत्र उपकरणाने त्यावरून प्लॉटर सावकाश चालवायचा, ही एक. दुसरी वाट आयबीएमनेच १९६५मध्ये बाजारात आणलेल्या ११३० या लहान संगणकात दिसते. कॅलकॉम्पचाच ५६५ आयबीएम १६२७ या नावाने विकत असे, आणि तो ११३०ला थेट जोडता येई. येथे संगणक सोळा बिटांचा एक शब्द प्लॉटरकडे धाडी. त्यातला एकेक बिट रुळाच्या, गाडीच्या किंवा पेनाच्या एकेका हालचालीसाठी राखलेला. तिरके पाऊल हवे तर दोन बिट एकाच वेळी उभे करायचे. आज्ञा दिली की संगणक आपल्या दुसऱ्या कामाला लागे, आणि पाऊल पूर्ण झाले की प्लॉटर त्याला हातातले काम थांबवून ‘पुढचे काय?’ असे विचारी. दोन पावलांच्या मध्ये ११३०ला स्मृतीची नऊशेहून अधिक चक्रे मिळत. त्यात पुढचे पाऊल ठरवून वर आणखी काही गणित उरकता येई.

पुढे चित्र कागदावरून काचेवर गेले. पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी आल्या आणि तेथेही नेमका तोच प्रश्न उभा राहिला: दोन ठिपक्यांमधली सरळ रेष कोणत्या ठिपक्यांतून न्यायची? प्लॉटरचे पाऊल तेथे ठिपका झाले, आठ दिशा त्याच राहिल्या आणि वहीचे दोन नियमही तेच. ब्रेझनहॅमने १९७७ साली वर्तुळाच्या कमानीसाठीही याच घाटाची, केवळ पूर्णांकांवर चालणारी रीत प्रसिद्ध केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर १९८७ साली तो आयबीएममधून निवृत्त झाला आणि अध्यापनाकडे वळला. कॅलकॉम्प कंपनीने १९९९ साली गाशा गुंडाळला. शाईचे फवारे उडवणाऱ्या रुंद छपाईयंत्रांनी पेनाच्या प्लॉटरांचे दिवस तोवर संपवले होते.

ठोक्याठोक्याने फिरणाऱ्या मोटरी मात्र संपल्या नाहीत. लाकूड वा धातू कोरणाऱ्या छोट्या यंत्रांत आणि प्लास्टिकचे थर रचून वस्तू घडवणाऱ्या त्रिमितीय प्रिंटरांत त्याच जातीच्या मोटरी आहेत. त्यांना चालवणाऱ्या ‘ग्रब्ल’ आणि ‘मार्लिन’ या खुल्या आज्ञावल्यांनी ब्रेझनहॅमचीच वही उचलली. ‘ग्रब्ल’ ज्या आठ बिटी चिपवर वाढली, तिच्यातही भागाकाराची स्वतंत्र सोय नाही. फरक इतकाच, की येथे अक्ष दोन नाहीत. ज्या मोटरीला सर्वांत जास्त पावले टाकायची असतात ती दर ठोक्याला हलते, आणि बाकीच्या प्रत्येक मोटरीच्या नावे एकेक खाते उघडलेले असते. ज्याची शिल्लक उंबरठा ओलांडील त्याने त्या ठोक्याला एक पाऊल टाकायचे. प्रिंटरमध्ये यांतले एक खाते असते वितळणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचे. तार किती पुढे ढकलायची, हेही तीच बेरीज आणि तेच चिन्ह ठरवते.